संबंध तुटला आहे, कृपया लक्ष घालावे

"वृषभ, तुझं यंत्र खोटं बोलतं," उपाध्ये सर फोनवर म्हणाले.

वृषभ मगदूम तेव्हा बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कंपनीत आपल्या टेबलाशी बसून चहात खारी बुडवत होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हाताखाली चार इंजिनिअर, बेळगावात स्वतःचं घर. पण सरांचा आवाज कानावर पडला आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला. खारी कपातच राहिली आणि विरघळून गेली. निपाणीच्या हायस्कुलात सरांनी त्याला मराठी शिकवलं होतं. तेव्हापासून त्यांच्याशी तो कधी बसून बोलला नव्हता, फोनवरसुद्धा.

"यंत्र कसं खोटं बोलेल, सर?"

"ते तू सांग. त्याला बोलायला तू शिकवलंस."

प्रकरण असं होतं. शांतिनाथ उपाध्ये सर हे निपाणीतल्या पद्मप्रभा मंगल कार्यालयाचे जुने विश्वस्त. तिथल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग डिस्कांच्या ज्या पेटीत साठायचं, ती पेटी वृषभच्या कंपनीची. मागच्या महिन्यात एका लग्नात, पंगत बसायच्या ऐन वेळेला, बासुंदीचं भरलेलं पातेलं नाहीसं झालं. साधंसुधं पातेलं नव्हे, दोघांनी कड्या धरून उचलायचं. दुसऱ्या दिवशी ते मागच्या विहिरीजवळ सापडलं, घासूनपुसून पालथं घातलेलं. व्यवस्थापक मारुतीरावांनी रेकॉर्डिंग उघडलं, तर बासुंदी राहिली बाजूला, त्या अख्ख्या आठवड्याचंच रेकॉर्डिंग नव्हतं. झाडलोट करताना पेटीच्या मागची वायर निघाली होती. आणि संगणकाच्या पडद्यावर मात्र हिरव्या अक्षरांत ओळ झळकत होती, 'संबंध जुळलेला आहे.'

दोष कुणाचा, हे वृषभला लगेच कळलं. संगणकाच्या पोटात एक कार्ड असतं, डिस्कांची पेटी त्या कार्डाला वायरनं जोडलेली असते, आणि कार्डाशी कसं बोलायचं हे संगणकाला सांगणारा एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर वृषभनं स्वतः लिहिलेला. संगणक सुरू होताना तो कार्डाला एकदाच विचारायचा, वायर जोडलेली आहे का? कार्ड हो म्हणायचं. मग पुढं कुणी वायर उपटून घरी नेली तरी ड्रायव्हर आपला हो, हो, म्हणत बसायचा. लग्नाला तीस वर्षं झालेला नवरा पेपर वाचता वाचता बायकोला हुंकार देतो, तसा.

"एका ओळीचं काम आहे, सर," वृषभ म्हणाला. "रविवारी येतो. चहा उकळायच्या आत त्याला खरं बोलायला लावतो."

"ओळ शुद्ध लिही," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सरांना शुद्धाशुद्धाची काळजी असण्याचं कारण होतं. हे यंत्र पहिल्यांदा बसवलं तेव्हा त्याचे निरोप इंग्रजीत होते. वायर निघाली तर विश्वस्तांच्या फोनवर निरोप जायचा होता, आणि सर म्हणाले होते की आपल्या कार्यालयातलं यंत्र आपल्या भाषेत बोललं पाहिजे. वृषभनं 'जोडणी तुटली' असं सुचवलं. सरांना ते पटलं नाही.

"जोडणी नळाची असते. आणि दुवा म्हटलं तर लोक आमेन म्हणतील. संबंध लिही. मराठीत संबंध, कन्नडमध्येही संबंध. चिक्कोडीच्या माणसालाही कळेल."

मग सरांनी एकेक वाक्य सांगितलं आणि वृषभनं ते शुद्धलेखन घालतात तसं उतरवून घेतलं. संबंध तुटला तर काय लिहायचं, परत जुळला तर काय, वायर सैल असल्यामुळं कमी वेगानं जुळला तर काय, आणि एक वायर तुटून काम दुसऱ्या वायरीवर गेलं तर काय. त्यातलं एकही वाक्य इतक्या वर्षांत कुणाच्या फोनवर गेलं नव्हतं. जाणार कसं? ड्रायव्हरच्या लेखी कधी काही तुटलंच नव्हतं.

मच्छ्यात वृषभनं दुरुस्ती केली. एक ओळ म्हणता म्हणता पानभर झालं, पण झालं नामी. आता वायरीच्या टोकाला जरा जरी काही झालं, तरी कार्ड ड्रायव्हरला ढोसणार, ड्रायव्हर पुन्हा विचारणार, आणि मिळेल ते उत्तर त्याच क्षणी जगाला सांगणार. त्यानं वायर काढली, पडदा लाल झाला. घातली, हिरवा झाला. लहान मूल दिव्याचं बटण सापडल्यावर करतं तसं तो बराच वेळ करत बसला.

त्याच्या हाताखालची सौम्या म्हणाली, "सर, वायर नुसतीच थरथरली तर?"

"थरथरायला तिला काय थंडी वाजतीया?" वृषभ म्हणाला.

रविवारी जेवून तो एकटाच गाडीनं निघाला. काकती मागं पडली, संकेश्वर गेलं, आणि तवंदीचा घाट उतरता उतरता त्यानं सवयीनं काच खाली केली. लहानपणी बस या वळणावर आली की खिडकीतून तंबाखूचा वास यायचा आणि आई म्हणायची, "आलं बाबा गाव." आता वखारी कमी झाल्या, वास येत नाही. तरी काच खाली होतेच.

पद्मप्रभा कार्यालयही पूर्वी वखारच होती. वृषभचे वडील तिथं मापाडी होते. दुपारी त्यांचा डबा घेऊन तो यायचा आणि शिंकत परत जायचा. पुढं तिथं फरशी बसली, लाकडी रंगमंच झाला, आणि वडील ज्या कोपऱ्यात बसायचे तिथं नवरीची खोली झाली. वृषभचं लग्नही त्याच फरशीवर लागलं. तेव्हा वास भिंतींतून पुरता गेला नव्हता. मंगलाष्टकं म्हणताना पंडितजी एकदा शिंकले आणि त्यांना बघून अख्ख्या मांडवानं शिंकून घेतलं.

सर फाटकाशीच उभे होते. पांढरी टोपी, हातात मिटलेली छत्री, आणि आताशा डोळ्यांना नीट दिसत नसल्यामुळं प्रत्येक गाडीकडं रोखून बघणं.

"वेळेवर आलास," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात नवल होतं.

त्या दिवशी कार्यालयात साखरपुडा होता. मुलगी निपाणीची, दिपाली. मुलगा सौरव चिक्कोडीजवळच्या गावचा, आणि ती मंडळी चार गाड्या करून वाटेत होती. सगळी सूत्रं दिपालीच्या आत्याच्या, तारामतीच्या हातात होती. तिला सगळे तारक्का म्हणायचे. ती एका हातात पानसुपारीचं तबक आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन मांडवात फिरत होती.

यंत्र रंगमंचाच्या मागच्या खोलीत एका फळीवर होतं. वृषभनं नवा ड्रायव्हर घातला. शिवाय, आलोच आहे तर म्हणून, पेटीला खालच्या बाजूनं आणखी एक नवी वायर जोडून दिली. जुनी सुटली आणि थोडा वेळ सुटलेलीच राहिली, तर काम हिच्यावर. मग सरांना दाखवायला त्यानं जुनी वायर हातानं ओढली. पडदा लाल झाला. सरांनी नाक पडद्याला टेकवून वाचलं, "संबंध तुटला आहे, कृपया लक्ष घालावे." वृषभनं वायर परत घातली, परत एकदा काढून दाखवली, परत घातली.

"अनुस्वार जागेवर आहेत," सर म्हणाले आणि समाधानानं चहाला गेले.

एवढ्यात पाहुण्यांच्या स्वागताला बोलावलेले हलगीवाले रंगमंचाच्या कडेला बसून हात मोकळे करायला लागले. हलगी कडाडली की रंगमंचाच्या फळ्या थरथरायच्या, फळ्यांबरोबर भिंत, भिंतीबरोबर पेटी. जुन्या वायरीच्या टोकाची खिटी केव्हाच मोडली होती. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला वायर कणभर सुटायची आणि परत बसायची. जुन्या ड्रायव्हरला याचा पत्ताही लागला नसता. नवा मात्र एकूण एक ठोका इमानानं सांगत होता. तुटला. जुळला. तुटला. जुळला, परंतु निम्म्या गतीने. वृषभ जमिनीवर मांडी घालून कौतुकानं बघत राहिला. शेवटी हलगीनं असा काही ताल धरला की जुनी वायर सुटून लोंबायलाच लागली, काम नव्या वायरीवर गेलं, आणि पडद्यावर सरांचं शेवटचं वाक्य उमटलं, 'पहिला संबंध तुटला आहे. संबंध दुसरीकडे जुळला आहे.'

"वा," वृषभ स्वतःशीच म्हणाला.

त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. निरोप पाठवायची ती सोय मारुतीरावांना फार उपयोगाची वाटली होती. गाड्या कुठं लावायच्या, पंगत कधी बसणार, हे कळवायला ते प्रत्येक कार्यक्रमाच्या दोन्हीकडच्या मंडळींचे आणि आचाऱ्याचाही फोन नंबर त्यात घालत. त्यामुळं खोलीत जे जे तुटत आणि जुळत होतं, ते कार्यालयाच्या नावानिशी मुलीकडच्या आणि मुलाकडच्या सगळ्यांच्या फोनवर जात होतं.

आचाऱ्यानं पहिला निरोप वाचून जिलेबीची कढई खाली उतरवली. दुसरा वाचून परत चढवली. त्यानंतरचे निरोप आले तेव्हा तो कढई हातात धरूनच उभा राहिला.

मांडवात बायकांचा घोळका झाला.

"आमी कुटं तोडलाय? त्यांनीच तोडला असंल," तारक्का म्हणाली. "मला त्याच दिवशी वाटलंतं. साडी बघून व्याह्यांच्या भनीनं नाक मुरडलंतं."

"पर परत जुळलाय म्हणून आलंय की."

"निम्म्या गतीनं आलंय. म्हंजे काय, लगीन दोन वर्सांनी करणार हैत व्हय?"

मग संबंध दुसरीकडे जुळल्याचा निरोप आला. तारक्कानं मुलाच्या वडिलांना, आण्णाप्पांना, फोन लावला आणि आवाज चढू न देता विचारलं, "तुमचं म्हणणं तरी काय हाय?"

"आमचं काय म्हणणं?" आण्णाप्पा पलीकडून म्हणाले. "तुमचं दुसरीकडं जुळलंय न्हवं? मग झालं." आणि फोन बंद झाला. त्यांच्या गाड्या गावाबाहेर, चिक्कोडी रस्त्यावरच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशी थांबल्या होत्या, आणि तोंडं परत फिरवायची का, यावर खल चालला होता.

मारुतीराव रंगमंचामागच्या खोलीच्या दारात आले. "साहेब, संबंध तुटला म्हणत्यात."

"व्हय, मीच तोडला," पडद्यावरून नजर न काढता वृषभ म्हणाला. "आधी दोनदा हातानं तोडून बघितला. मग आपोआपच तुटायला लागला. आता दुसरीकडं जुळवून दिलाय. तो पक्का हाय, काळजी नको."

मारुतीरावांच्या मागं तारक्का उभी होती. ती पुढं आली.

"अण्णा, तुमी कोण मला म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "पर आमच्या पोरीनं तुमचं काय वाकडं केलंय?"

"कुठली पोरगी?"

"आणि दुसरीकडं म्हंजे कुटं जुळवलासा?"

"खालच्या पोर्टला."

तारक्कानं दाराची चौकट धरली. "गोव्याला व्हय?"

मग तिनं हातातला फोन त्याच्यासमोर धरला. वृषभनं निरोप वाचले. सरांनी सांगितलेली वाक्यं, एकापाठोपाठ एक, काना मात्रा बरोबर. एक वायर बघायला आलेला माणूस, आणि एका पोरीचा साखरपुडा त्याच्या हातून मोडत होता, तोही जिथं त्याचे वडील बसायचे त्या कोपऱ्यातल्या खोलीत ती नटून बसलेली असताना.

तो तारक्काला वायर, पेटी, कार्ड, असं सगळं सांगायला लागला. तिला काही कळलं, काही नाही.

"मला नगा सांगू. त्यांना सांगा," ती म्हणाली. "आणि फोनवर नको. फोननंच घात केलाय."

सर चहाची बशी खाली ठेवून उठले. "चल," ते वृषभला म्हणाले आणि छत्री घेऊन त्याच्या गाडीत पुढं बसले.

वृषभनं गाडी जोरात काढली. सर म्हणाले, "हळू. पूर्वी असं काही झालं की निरोप घेऊन माणूस सायकलवर जायचा. तो पोचेपर्यंत निम्मा राग उतरलेला असायचा." मग ते काचेतून बाहेर बघत सांगायला लागले. इथं रॉकेलचं दुकान होतं. इथं तंबू थिएटर यायचं आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग पेंगायचा. इथं वखार सुटल्यावर तुझे वडील भेटायचे.

"माझे वडील?"

"रोज. मराठी कसं आहे पोराचं, म्हणून विचारायचे. मी सांगायचो, प्रगती आहे."

वृषभला घाई होती, तरी त्याच्या पायाचा जोर कमी झाला. वडिलांनी घरी कधी अभ्यासाचं विचारलं नव्हतं. त्यांना त्याची इयत्ता तरी ठाऊक आहे का, अशी त्याला लहानपणी शंका यायची.

"होती का, सर, प्रगती?"

सरांनी छत्रीनं बाहेर दाखवलं. "इथं पिंपळ होता," ते म्हणाले.

गुऱ्हाळाशी चार गाड्या ओळीनं उभ्या होत्या. कुणीतरी कन्नडमध्ये म्हणालं, "बंद्रु नोड्री," म्हणजे आले बघा, आणि सगळ्यांची तोंडं इकडं वळली. मधोमध बाकड्यावर आण्णाप्पा बसले होते, भरदार अंगाचे, हातात रसाचा ग्लास, डोळे लाल.

"कोण हैसा तुमी?" त्यांनी वृषभला दरडावलं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं सर उतरले, आणि आण्णाप्पा ताडकन उभे राहिले. रसाचा ग्लास त्यांनी पाठीमागं लपवला.

"सर, तुमी?"

"बोर्डिंगातला आण्णाप्पा ना तू?" सर डोळे बारीक करून म्हणाले. "अजून 'तुमी' म्हणतोस. बरं, मला सांग, 'संबंध' या शब्दाचे अर्थ किती?"

आण्णाप्पांनी मान खाली घातली. "लई हैत, सर."

"एक सांग."

"सोयरीक."

"दुसरा?"

आण्णाप्पांना आठवेना. त्यांनी हळूच वृषभकडं बघितलं. वृषभनं ओठ न हलवता सांगितलं, "वायर."

"वायर, सर."

"बरोबर," सर म्हणाले. "कार्यालयातली वायर तुटली. वायर दुसरीकडं जुळली. मुलगी जागेवर आहे."

गाड्यांमधल्या बायकाही आता खाली उतरून ऐकत होत्या. एकीनं दुसरीला कन्नडमध्ये समजावलं आणि तिला हसू आवरेना. आण्णाप्पांनी तरी खात्री करून घेतली, "म्हंजे पोरीचं दुसरीकडं काय न्हाय?"

"पेटीचं आहे. पोरीचं नाही."

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. कार्यालयात मारुतीरावांनी मदत म्हणून लोंबणारी वायर आपल्या हातानं परत खुपसली होती. आण्णाप्पांनी फोन लांब धरून वाचलं, 'संबंध पूर्ववत जुळला आहे, परंतु निम्म्या गतीने.'

"हेबी वायरीचंच?"

"व्हय," वृषभ म्हणाला.

"मग चला तर. निम्म्या गतीनंच चला, मागच्या गाडीत म्हातारी माणसं हैत."

साखरपुडा झाला. मुहूर्त थोडा टळला, जिलेबी थोडी जास्त तळली गेली. तारक्कानं दिपालीला जवळ घेऊन डोळे पुसले, तर दिपाली म्हणाली, "आत्या, मी पहिल्यापास्नं सौरवशी फोनवर बोलतच हुतो की. मीच म्हटलं, तितला रस चांगला असतोय, पिऊन घे. तुमी आमाला कुणी इचारलंच न्हाय."

वृषभनं तिथंच बसून पाहुण्यांचे सगळे नंबर काढून टाकले. ड्रायव्हरलाही नवी शिस्त लावली: वायर निघाली तर आधी जरा दम धर, खरंच निघाली आहे ना ते बघ, मगच बोल. सौम्याला हे सांगावं लागणार, याचं त्याला थोडं वाईट वाटलं. सरांनी मात्र आपला शब्द मागं घ्यायला बराच वेळ लावला. "शब्दात चूक नाही," ते म्हणाले. "ऐकणाऱ्यांत आहे. तरी, 'संपर्क' लिही."

स्वागताची हलगी वाजली, फळ्या थरथरल्या, आणि पडद्यावरची ओळ हलली नाही. वृषभ खोलीच्या दारात उभा राहून मांडवाकडं बघत होता. अचानक त्याला तंबाखूचा वास आला, तोच, वखारीचा. त्यानं डोळे मिटून छाती भरून घेतला. डोळे उघडले तेव्हा शेजारी एक हलगीवाला तळहातावर तंबाखू मळत उभा होता. त्यानं वृषभकडं बघून हात पुढं केला. "घेता काय?"

दिवेलागणीला तो बेळगावात घरी पोचला. बायको, प्रणिता, दारातच बसली होती. तिच्या हातात त्याचा जुना फोन होता. यंत्र बसवताना त्यानं चाचणीसाठी म्हणून सगळ्यात आधी आपलाच नंबर घातला होता, आणि पुढं तो फोन नंबरासकट तिला देऊन टाकला होता. हे त्याला त्या क्षणी, चपला काढता काढता आठवलं.

"संबंध तुटला आहे," प्रणितानं चष्मा लावून वाचलं. "जुळला आहे. तुटला आहे. संबंध दुसरीकडे जुळला आहे." तिनं चष्मा काढला. "जेवायचं हितं हाय, का तिकडं?"

"अगं, तसं काय न्हाय. सगळा घोळ ड्रायव्हरनं केला."

ड्रायव्हर म्हणजे काय, हे प्रणिताला संसाराच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं. जेवताना तिनं दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

"गाडी तर तुमीच चालवत गेलतासा," ती म्हणाली आणि ताट वाढायला आत गेली.